दोन्हींसाठी एक

"यावर गेम खेळणार का?" लॅपटॉपच्या दुकानात काउंटरमागच्या बाईंनी विचारलं. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची मुलगी म्हणाली, "नाही."

पिशवी हवी का असं कुणी विचारल्यावर आपण नाही म्हणतो, तसं. त्यात राग नव्हता, घरून ठरवून आणलेला ठामपणाही नव्हता. बाईंनी मान डोलावली. भिंतीलगतच्या जाड काळ्या लॅपटॉपांकडे उचललेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं आणि त्या मधल्या टेबलाकडे वळल्या. मुलगी त्यांच्यामागे गेली. तो होता तिथेच राहिला. आपलं तोंड उघडंच राहिलंय हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं, तेव्हा त्याने ते मिटलं. शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला कागद होता. तीन आठवडे दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचून, खोडून, पुन्हा लिहून त्याने तो तयार केला होता. कागदाच्या डोक्यावर 'दोन्हींसाठी एक' असं लिहून त्याखाली त्याने पट्टी धरून दोन रेघा ओढल्या होत्या. दोन्ही म्हणजे विद्यापीठ आणि रविवार.

विद्यापीठाचं सरळ होतं. मुलीला हवामानशास्त्राला प्रवेश मिळाला होता आणि विभागाच्या पत्रात लिहिलं होतं की इथलं बरंचसं काम विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालतं, तेव्हा विद्यार्थ्यांनी लिनक्स घातलेला स्वतःचा कम्प्युटर आणावा. रविवारचंही सरळ होतं. ते दोघं जो गेम खेळत तो फक्त विंडोजवर चालायचा, आणि त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागायचं, म्हणजे यंत्र जड होणार, तापणार, पंखा घोंघावणार. अडचण दोन्ही एकत्र करण्यात होती, आणि ती सुटू शकते हे कळलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. म्हणजे बरं वाटायला हवं अशी ती गोष्ट आहे हे त्याला कळलं होतं. एकाच डिस्कचे दोन भाग करायचे. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. यंत्र सुरू केलं की ते आधी विचारतं, कुठे जायचंय. दहा सेकंद वाट बघतं. तोवर काही सांगितलं नाही तर पहिल्या ओळीवर जे असेल तिकडे आपलं आपण जातं. पहिल्या ओळीवर लिनक्स ठेवावं, असं त्याने कागदावर लिहिलं होतं. शेवटी शिक्षण आधी.

तो दात बनवायचा. शहरातले आठ-दहा दंतवैद्य आपापल्या रुग्णांच्या जबड्यांचे साचे खोक्यात घालून त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि तिथे त्या साच्यांवरून कवळ्या, दातांवरच्या टोप्या, पडलेल्या दातांच्या जागी बसणारे पूल तयार व्हायचे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आपलं भरतंय," असं मालक प्रत्येक नव्या माणसाला हमखास ऐकवत आणि स्वतःच हसत. एकवीस वर्षं तो पांढऱ्या प्लास्टरच्या जबड्यांसमोर बसत आला होता. कुणाचा दात डावीकडे कलला आहे, कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूने चावतं, हे त्याला साच्यावरून कळायचं. ती माणसं मात्र त्याने कधी पाहिली नव्हती. कवळी खोक्यात घालून बंद केली की संपलं. याचं कुणाला वाईट वाटलं असतं. त्याला ते सोयीचं वाटायचं.

"बाबा, हा बघ," मुलगी म्हणाली. तिने एक करडा लॅपटॉप एका हाताने उचलला होता, वही उचलावी तसा. "किती हलका."

तो जवळ गेला. जाता जाता त्याने भिंतीलगतचा एक जाड लॅपटॉप उचलून पाहिला. हातात धरला तर तसा फार जड नव्हता. "हाही काही जड नाही गं," तो म्हणाला.

"चार्जर धर त्याचा."

चार्जर विटेएवढा होता. त्याने तो धरला आणि परत ठेवला.

"वसतिगृहापासून विभाग चढावर आहे," मुलगी म्हणाली. "रोज दोनदा पाठीवर वाहायचं मला. आणि त्याची बॅटरी दीड तास. वर्गात प्लग शोधत बसू का?"

"चौदा तास चालतो हा," बाई म्हणाल्या. "पण ग्राफिक्स वेगळं नाही यात. अभ्यासाला काही अडणार नाही. लिनक्सही छान चालतं यावर. माझ्या बहिणीची सून वापरते."

"मग मी विंडोज काढूनच टाकते," मुलगी म्हणाली. "अख्ख्या डिस्कवर लिनक्स. उगाच दोन दोन कशाला?"

तिला घरात सगळे मुंगी म्हणायचे. तीन वर्षांची असताना स्वतःपेक्षा मोठी उशी डोक्यावर घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जायची, म्हणून. तिच्या आईने ते नाव ठेवलं होतं. नावं ठेवणं, वस्तूंना जागा देणं, पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला जाणं, हे सगळं तिची आई करायची, आणि तो त्या घरात साच्यातल्या जबड्यासारखा नीटनेटका बसून असायचा. सहा वर्षांपूर्वी एका बुधवारी तो घरातून निघाला. भांडण झालं नव्हतं. दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती. प्रयोगशाळेची नवी शाखा दुसऱ्या शहरात निघत होती आणि तो म्हणाला, मी जातो. बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू इथे असून काय आणि नसून काय." हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती. तिने हिशेब पडताळून पाहावा तसं ते वाक्य म्हटलं, आणि तो बरोबर निघाला असावा, कारण तिने सुरी पुन्हा उचलली. मुंगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती शाळेत गेली होती.

पहिले तीन-चार महिने ते फोनवर बोलत. जेवलीस का. हो. शाळा? झाली. आई? आहे. मग दोघंही फोन कानाला लावून थांबायचे, आणि कुठल्या तरी बाजूने कुकरची शिट्टी किंवा दाराची घंटा वाजून सुटका व्हायची. मग एकदा तीच म्हणाली की एक गेम आहे. ट्रक चालवायचे. माल भरायचा, लांबच्या गावी पोचवायचा. दोघं मिळूनही खेळता येतो. त्याने कम्प्युटर घेतला, शिकला. पहिल्या दिवशी त्याने ट्रक गोदामाच्या फाटकातच अडकवला होता. त्यानंतर दर रविवारी दुपारी तीन ते सहा, जवळजवळ सहा वर्षं. तिचा ट्रक पुढे, त्याचा मागे. दोन्ही बाजूंना न संपणारी करडी शेतं, विजेचे खांब, मध्येच एखादा पूल. "पुढे वळण आहे हं," ती म्हणायची. "बघितलं," तो म्हणायचा. वीस-वीस मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. कानात फक्त दोन इंजिनांची घरघर आणि तिचा श्वास. एकदा पुलावर त्याचा ट्रक आडवा झाला. क्रेन येईपर्यंत ती आपला ट्रक कडेला लावून थांबली होती, आणि त्या सबंध वेळात एवढंच म्हणाली, "असू दे बाबा, घाई नाहीये." त्या शांततेला तो जवळीक समजायचा. आठवड्यातले इतर सहा दिवस त्याच्या अंगावरून पाणी जावं तसे जायचे. पण रविवारी तीन वाजता आपण कुठे असणार हे त्याला ठाऊक असायचं. एवढं पुरत होतं.

"तुझं काय मत?" मुलीने विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती. बाईही बघत होत्या.

कागद काढता आला असता. त्यात दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं की तीन वर्षांनी हवामानाच्या मोठ्या नकाशांसाठी ग्राफिक्स कार्डाचा उपयोग होऊ शकतो. ते खोटं नव्हतं. तो ते बोलला असता तर मुलगी त्याचं ऐकण्याची शक्यता होती. लहानपणापासून ती ऐकणारी होती. त्याला दिसलं की ती तो जड लॅपटॉप पाठीवर घेऊन चढ चढते आहे, वर्गात भिंतीजवळची जागा शोधते आहे, रविवारी मैत्रिणी बाहेर निघाल्या असताना मला काम आहे म्हणून खोलीत थांबते आहे. हे चित्र त्याला स्वच्छ दिसलं, आणि ते पाहून काही वाटलं नाही. नुसतं दिसलं.

"हलकाच घे," तो म्हणाला.

मुलीचे खांदे खाली आले. फार नाही, बोटभर. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण केसाएवढ्या फरकासाठी डोळ्यांत तेल घालून बसणारा तो माणूस, त्याला ते दिसलं. म्हणजे ती खांदे आवळून उभी होती. दुकानात शिरल्यापासून, की त्याच्याही आधीपासून?

बाहेर आल्यावर ते समोरच्या कॉफीच्या दुकानात बसले. खोकं तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून राहिली. त्याने दोन सँडविच मागवले. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा वर्तमानपत्राची एकच बाजू पुन्हा पुन्हा वाचत होता.

"आईचा जुना कम्प्युटर घरीच राहणार," मुलगी म्हणाली. "म्हणजे रविवारचं आता..."

"हं. कळलं."

"वाईट वाटलं?"

त्याने आत डोकावून पाहिलं. बाहेर पडण्याआधी घरात एकेक दिवा बंद आहे ना ते बघतो, तसं. सगळे बंद होते. "नाही गं," तो म्हणाला.

तिने सँडविचमधली काकडीची चकती काढून बशीच्या कडेला ठेवली. "खरं सांगू? रागावू नकोस. दोन वर्षं झाली, मला त्या गेमचा कंटाळा आलाय."

"मग सांगायचं ना."

"सांगणार होते. मग वाटलं, तुला आवडतो."

त्याला तो आवडत होता का, हे त्याला सांगता आलं नसतं. तिला आवडतो असं तो धरून चालला होता. एवढी वर्षं रिकाम्या रस्त्यांवरून दोघांनी कुणीच न मागितलेला माल वाहिला, कुणीही राहत नसलेल्या गावांना. हे हसण्यासारखं आहे असं त्याला वाटलं. तो हसला नाही. मुलगी म्हणाली की तिची बस पावणेपाचची आहे. त्याने खोकं बसथांब्यापर्यंत नेलं. खरंच हलकं होतं ते. बसच्या पायरीवर चढून ती वळली, "थँक यू बाबा," म्हणाली, आणि दार लागलं.

पुढच्या रविवारी तीन वाजता त्याने गेम सुरू केला. माल भरला, निघाला. पुढे ट्रक नसल्यामुळे रस्ता फार रुंद वाटत होता. वळणं तीच होती, पण ती येण्याआधी कुणी सांगत नव्हतं, आणि प्रत्येक वळण त्याला जरासं उशिरा कळत होतं. तासाभराने एका फाट्यावर त्याने ट्रक कडेला घेतला आणि इंजिन चालू ठेवून नुसता बसून राहिला. इतर खेळाडूंचे ट्रक शेजारून जात होते. एकाने हॉर्न दिला. पाच वाजता त्याने कम्प्युटर बंद केला, धुवायचे दोन कप धुतले, पुन्हा धुतले. त्यापुढचा रविवार तो झोपला. तिसऱ्या रविवारी काय केलं हे सोमवारी त्याला आठवेना. मुलीचा फोन बुधवारी यायचा. जेवलास का. हो. वर्ग? झाले. ते पुन्हा तिथेच येऊन पोचले होते, आणि आता शिट्टी वाजवायला कुकरही नव्हता.

मग त्याच्या हातून चूक झाली. एका बाईंचे वरचे सहा दात करायचे होते. दंतवैद्याने चिठ्ठीवर रंग लिहिला होता, पासष्टीच्या माणसाला शोभेल असा पिवळसर. त्याने दूधपांढरे केले. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच्या शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणाऱ्या बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी तो जबडा प्रकाशात धरला.

"या बाईंना टूथपेस्टच्या जाहिरातीत काम मिळालंय का?" त्यांनी विचारलं.

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली.

"काय झालंय तुम्हाला? महिनाभर बघतेय."

त्याने सांगितलं. अगदी थोडक्यात, चिठ्ठीवर लिहावं तेवढंच. गेम बंद झाला, तिने हलका लॅपटॉप घेतला, आता रविवारी भेट होत नाही. बोलताना त्याला आपला आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. मेणवाल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, लेकीला भेटायला बस लागते. कम्प्युटर कशाला लागतो?"

एवढं साधं. तो घरी जाईपर्यंत त्या वाक्यात कुठे फट आहे का ते तपासत राहिला. सापडली नाही. तीन तासांचा प्रवास होता. आधीच्या घरीही सहा वर्षं तेवढाच होता.

शनिवारी सकाळी तो निघाला. विद्यापीठाचं वाचनालय उंच छताचं होतं आणि त्याच्या तळमजल्यावर बोलायला परवानगी असलेली एक लांब खोली होती. मुलगी खिडकीजवळ बसली होती. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत होत्या. तिने खरोखरच विंडोज काढून टाकलं होतं, कुणाला न विचारता. "पहिल्यांदा पडदा काळाच राहिला," ती म्हणाली. "मला वाटलं, गेलं सगळं. मग शेजारच्या खोलीतली एक सीनियर आली, दोघींनी मिळून रात्र... नाही, संध्याकाळ घालवली. चालू झालं." मग ती थांबली. तोही थांबला. तो तिच्या समोर बसला होता आणि आता दोघांना बघायला रस्ता नव्हता. टेबल होतं, आणि टेबलापलीकडे तोंड होतं. तिचा वरचा डावा सुळा थोडा फिरलेला होता. शेजारच्या दाताला खांदा देऊन उभा असल्यासारखा. हे त्याला माहीत नव्हतं. हजारो अनोळखी माणसांचे सुळे हातात घेऊन पाहिले होते त्याने. हा फिरला कधी? तेरा-चौदाव्या वर्षी फिरतात असे. म्हणजे तो तिथे नसताना, रविवारी तीन ते सहाच्या दरम्यानही, हळूहळू फिरत होता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तू का गेलास?"

तिने हे जोरात विचारलं नाही. खोलीत इतर मुलं होती, कुणीतरी खुर्ची ओढली. त्याला वाटलं, आता काहीतरी वाजेल. काही वाजलं नाही.

"मला काही वाटेनासं झालं होतं," तो म्हणाला. "कशाचंच. जेवताना चव लागायची नाही. तू चित्र काढून आणायचीस, मी छान म्हणायचो, आणि मला माहीत असायचं की मी नुसतं म्हणतोय. तुझ्या आईला कळलं होतं. मला वाटलं, असं राहून तुम्हा दोघींना फसवण्यापेक्षा गेलेलं बरं."

"गेल्यावर वाटायला लागलं?"

"नाही."

तिने लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. बराच वेळ ती त्या कडेवरून अंगठा फिरवत होती. "मला वाटायचं, मी फार बडबड करते म्हणून गेलास," ती म्हणाली.

"काय?"

"शाळेतून आले की सुरू व्हायची ना माझी टकळी. तू डोळे मिटून घ्यायचास. एकदा म्हणालास, मुंगे, जरा गप्प बसशील का पाच मिनिटं. मी घड्याळ लावून बसले होते पाच मिनिटं. मग त्याच आठवड्यात गेलास." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "म्हणून मग ट्रकमध्ये मी ठरवून कमी बोलायचे. म्हटलं, नाहीतर इथूनही जाशील."

 त्याचे हात टेबलावर होते, एकावर एक, आणि ते आपले आहेत हे त्याला जाणवलं. वरच्या हाताखाली खालचा गरम लागत होता. ती वीस-वीस मिनिटं. ते खांब, ती शेतं, कानातला तिचा श्वास. ती तिकडे गप्प बसून होती. बारा वर्षांची, तेरा वर्षांची, पंधरा, अठरा. आणि तो इकडे आरामात होता. छातीच्या मधोमध, जिथे इतकी वर्षं काही नव्हतं, तिथे काहीतरी घट्ट वळलं आणि वळतच गेलं.  हे दुखणं आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला, इतकी सवय गेली होती.

"तुझ्यामुळे नव्हतं," तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही. त्याने पुन्हा म्हटलं. "तुझ्यामुळे नव्हतं, मुंगे. अजिबात नव्हतं. मला तेव्हा सांगायचं सुचलं नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. तिने बाहीने नाक पुसलं, अठरा वर्षांची मुलगी, आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यानेही तसं विचारलं नाही.

"बोल ना," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. त्या वेळी जे बोलायचीस ते."

"ते मला आठवत नाही आता."

"मग आताचं."

तिने घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्या तासात तिचं प्रात्यक्षिक होतं. ती अडखळत सुरू झाली, की वसतिगृहात शेजारच्या खोलीतली ती सीनियर आहे ना, तिचं आणि एका प्राध्यापकांचं गेल्या आठवड्यात फुग्यावरून वाजलं, हवामानाचा फुगा, जो गच्चीवरून सोडतात तो, आणि त्यात मुंगीला मध्ये पडावं लागलं, कारण दोरी तिच्या हातात होती, पण त्याआधी नकटीने आधीच जाऊन सगळं सांगून टाकलं होतं. बोलता बोलता तिचा वेग वाढला. हात हलायला लागले. फिरलेला सुळा दिसत होता, झाकत होता, दिसत होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने मान वळवून पाहिलं. बापाला निम्मं कळत नव्हतं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "ही नकटी कोण?"

मुलगी मध्येच थांबली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, खरंच विचारतोय की नुसतं विचारतोय ते बघावं तसं. मग लॅपटॉप पूर्ण बंद करून तिने तो बाजूला सरकवला.

"थांब," ती म्हणाली, "पहिल्यापासून सांगते."